रिकामा तलाव तरंगतो तेव्हा

मे महिन्यातली गोष्ट. नीरा डाव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यातील एका संस्थेने सुट्टीत आपल्या पोहण्याच्या तलावाची दुरुस्ती काढली. तलाव गळत होता, जुना गिलावा जागोजागी सुटला होता. दोन दिवस पंप लावून तलाव रिकामा केला, गवंड्यांनी जुना गिलावा खरवडून काढला, आणि आठवड्याभरात नवा गिलावा चढला. काम चांगले झाले होते, घोटाईही सुरेख होती. नवव्या दिवशी सकाळी रखवालदाराने पाहिले, तर तलावाच्या खोल भागातला तळ तव्यावरच्या पोळीसारखा मधोमध फुगला होता, त्यात लांबलचक चीर पडली होती आणि भिंतीच्या पायथ्याचा गिलावा पत्र्यासारखा सुटून आला होता. चिरेतून स्वच्छ पाणी झुळझुळत होते.

मग चर्चा सुरू झाली. ठेकेदार म्हणाला, सिमेंट जुने होते. सिमेंटवाला म्हणाला, वाळूत माती होती. कोणी म्हणाले, उन्हाने तळ तापला आणि फुगला. तलावामागे पन्नास पावलांवर एक विहीर आहे. तिच्यात मात्र कोणी डोकावले नव्हते. मी गेलो तेव्हा त्या विहिरीचे पाणी जमिनीपासून जेमतेम एक हात खाली होते. आठ दिवसांपूर्वी कालव्याचे आवर्तन सुटले होते आणि आजूबाजूचा ऊस पाण्यात उभा होता.

सिमेंटचा दोष नव्हता, वाळूचाही नव्हता. तलाव तरंगू पाहत होता.

हे वाक्य ऐकून शिक्षकांच्या खोलीत हशा पिकतो, हा माझा अनुभव आहे. दोनशे टनांचे काँक्रीट तरंगेल कसे? पण लोखंडी जहाज तरंगते हे आपण सातवी-आठवीत शिकवतो. तलाव हे जमिनीत पुरलेले जहाजच आहे. फरक इतकाच, की त्याच्याभोवतीचे पाणी मातीच्या कणांमध्ये लपलेले असते, म्हणून ते दिसत नाही.

कोरड्या मुलखातले उथळ पाणी

भवानीनगर हे बारामती-इंदापूर रस्त्यावरचे, श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखले जाणारे गाव. हा सारा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. अशा मुलखात भूजल खोल असावे असे कोणालाही वाटेल, आणि कालव्याच्या वरच्या अंगाला, जिराईत भागात, ते तसेच आहे. तेथे उन्हाळ्यात विहिरींचे तळ दिसतात. पण कालवा ओलांडून खालच्या अंगाला नदीकडे उतरू लागले, की चित्र पालटते. काही मैलांच्या अंतरात 'पाणी नाही' ही तक्रार 'पाणी हटत नाही' अशी होते.

याचे कारण सव्वाशे वर्षांहून जुने आहे. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला. पुढे भाटघरच्या धरणाने त्याला बारमाही पाणी मिळाले, ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस आला. कालव्याच्या तळातून आणि काठांतून झिरपणारे पाणी, तसेच उसाला दिलेल्या पाण्यापैकी मुळांच्या खाली उतरणारा भाग, हे दोन्ही जमिनीखाली साठू लागले. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली कठीण काळा पाषाण, अशी येथील जमिनीची घडण. पाषाणातून पाणी सहजासहजी खाली जात नाही, काळ्या मातीतून आडवे सरकायलाही त्याला फार वेळ लागतो. त्यामुळे मुरमाचा थर भरत जातो आणि पाण्याची पातळी वर चढते. ती पुरेशी वर आली, की केशाकर्षणाने पाणी पृष्ठभागापर्यंत खेचले जाते, उन्हाने वाफ होऊन जाते आणि विरघळलेले क्षार मागे राहतात. शेत आधी पाणथळ होते, मग खारवट, आणि काही ठिकाणी चोपण.

कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षे व्हायच्या आत ही अडचण इतकी वाढली, की पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली. १९१६ साली मुंबई इलाख्याने सिंचनाच्या प्रश्नांसाठी एक खास विभाग काढला. दख्खनच्या कालव्यांवरील पाणथळ जमिनींचा अभ्यास हे त्याचे सुरुवातीचे एक मोठे काम होते, आणि क्लॉड इंग्लिस या अभियंत्याने ते पुढे नेले. त्याच विभागातून वाढत गेलेली संस्था म्हणजे खडकवासल्याचे आजचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र. नद्या, बंदरे आणि धरणे यांच्या प्रतिकृतींसाठी ही संस्था प्रसिद्ध आहे. तिच्या मुळाशी उसाच्या शेतातला चिखल आहे, हे विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे.

पाणथळ म्हणजे किती उथळ? केंद्रीय जलसंपदा मंत्रालयाच्या कार्यगटाने १९९१ साली याची एक मोजपट्टी ठरवली. भूजलाची पातळी जमिनीपासून दोन मीटरच्या आत असेल तर जमीन पाणथळ; दोन ते तीन मीटरच्या दरम्यान असेल तर ती त्या वाटेवर आहे, असे समजायचे. ही मोजपट्टी पिकांच्या मुळांसाठी केलेली आहे. पण पोहण्याचा तलावही साधारण दोन मीटरच खोल असतो. ऊस जेथे पिवळा पडतो, तेथेच तलाव धोक्यात येतो.

दोनशे टनांचे जहाज

आता थोडे गणित करू. नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर करता येईल इतके ते सोपे आहे.

समजा, तलाव आतून २५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सगळीकडे १.८ मीटर खोल आहे. भिंती आणि तळ २० सेंटिमीटर जाडीच्या प्रबलित काँक्रीटचे आहेत. बाहेरची मापे २५.४ आणि १०.४ मीटर, म्हणजे बुडाचे क्षेत्रफळ सुमारे २६४ चौरस मीटर. तळाचे काँक्रीट ५२.८ घनमीटर, चारी भिंतींचे सुमारे २५.५ घनमीटर, एकूण ७८ घनमीटरपेक्षा थोडे जास्त. एका घनमीटरचे वजन अडीच टन धरले, तर रिकाम्या तलावाचे वजन सुमारे १९६ टन होते.

हे वजन २६४ चौरस मीटर बुडावर वाटले, तर प्रत्येक चौरस मीटरवर ०.७४ टन येते. पाण्याचा एक मीटर उंचीचा स्तंभ चौरस मीटरला एक टन दाब देतो. म्हणजे तलावाच्या बुडापासून भूजल ७४ सेंटिमीटर वर चढले, की तलावाचे सारे वजन पाण्याने पेलले. बूड जमिनीखाली दोन मीटर आहे, म्हणून भूजलाची ही पातळी जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर खाली येते. त्याच्याही वर पाणी गेले, तर तलावाला खाली धरून ठेवणारे फक्त भोवतालच्या मातीचे घर्षण आणि काठावरचा ओटा. माझ्या त्या विहिरीसारखे पाणी अर्ध्या मीटरवर असेल, तर वर ढकलणारे बल १.५ गुणिले २६४, म्हणजे ३९६ टन होते. तलावाच्या वजनाच्या दुप्पट!

भरलेल्या तलावाची गोष्ट वेगळी. त्यात १.६ मीटर पाणी असेल तर ते एकटेच ४०० टन भरते. वर्षानुवर्षे तलाव जागचा हलला नाही तो काँक्रीटच्या बळावर नव्हे, पोटातल्या पाण्याच्या बळावर. दुरुस्तीसाठी आपण नेमके तेच काढून घेतो.

पण संपूर्ण तलाव उचलला जाण्याची वेळ सहसा येत नाही, त्याआधीच तळ मोडतो. तळाच्या स्लॅबचे स्वतःचे वजन चौरस मीटरला अर्धा टनच आहे. भिंतींचे वजन कडेला पडते, मध्यभागाला त्याचा उपयोग नाही. त्यामुळे पाणी बुडापासून ५० सेंटिमीटर वर आले, की मधला तळ निराधार होतो आणि वर कमान धरू लागतो. वाकताना स्लॅबचा वरचा पृष्ठभाग ताणला जातो. काँक्रीट दाबाला खंबीर, ताणाला दुबळे. ताण घ्यायला सळ्या असतात, पण त्या जर भरलेल्या तलावाचा विचार करून फक्त खालच्या बाजूला घातल्या असतील, तर वरच्या बाजूला चीर पडायला वेळ लागत नाही. रखवालदाराने पाहिलेली चीर ही होती.

येथे विद्यार्थी एक चांगली शंका काढतात. मातीत पाणी असून असून किती असणार? चारपाच बादल्या पाण्याने काय होणार? तेव्हा पास्कलची आठवण करून द्यावी. दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, त्याच्या साठ्यावर नाही. बुडाखाली बोटभर जाडीचा पाण्याचा थर आणि बाजूने वर चढत गेलेली ओली मुरमाची भिंत एवढे पुरते. मात्र साठ्याचा परिणाम वेगावर होतो. तळ एक सेंटिमीटर उचलला गेला, तर खालची पोकळी भरायला अडीच घनमीटर पाणी लागते. मुरमातून ते लवकर येते, काळ्या मातीतून सावकाश. म्हणून अपघात बहुधा रात्रीतून, आवाज न करता होतो.

आणखी दोन गोष्टी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाहीत. तलावासाठी खड्डा नेहमी तलावापेक्षा मोठा खणतात आणि बांधकाम झाल्यावर भोवतीची पोकळी सैल मुरमाने भरतात. घट्ट काळ्या मातीत सैल मुरमाचे हे कडे म्हणजे बशीत ठेवलेली वाटी. आजूबाजूचे भूजल खोल असले, तरी पावसाचे, बागेला दिलेले आणि शॉवरचे पाणी या बशीत साठते आणि महिनोन् महिने तेथेच राहते. विहिरीची पातळी पाहून निश्चिंत झालेले लोक येथे फसतात. दुसरे म्हणजे, आपण जो तलाव दुरुस्त करायला घेतो तो गळका असतो, म्हणूनच तर दुरुस्ती! त्याने स्वतःच गाळलेले पाणी बशीत साचलेले असते, आणि तलाव रिकामा होताच तेच पाणी त्याला खालून ढकलते.

गिलाव्याला दोन शत्रू

आता गिलाव्याकडे वळू. तलाव भरलेला असतो तेव्हा आतले पाणी गिलाव्याला भिंतीवर दाबून धरते. गिलावा थोडा सुटलेला असला तरी तो जागीच राहतो. तलाव रिकामा झाला, की दाबाची दिशा उलटते. बाहेरचे पाणी काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून, सांध्यांतून आणि जुन्या भेगांतून आत येते आणि गिलाव्याला पाठीमागून ढकलते. पावसाळ्यात तळघराच्या भिंतीला आतून कितीही रंग लावला तरी तो फुग्यासारखा सुटतो, त्याचे कारण हेच.

वीस मिलिमीटर जाडीच्या गिलाव्याचे वजन चौरस मीटरला सुमारे ४२ किलो भरते. तळावरच्या अशा गिलाव्याला उचलायला अवघे चार सेंटिमीटर पाणी पुरे. गिलावा वजनाने टिकत नाही, तो चिकटून टिकतो. नीट पकडलेला, पक्का झालेला गिलावा चौरस सेंटिमीटरला दोन ते पाच किलोपर्यंत ओढ सहन करतो. एक मीटर पाण्याचा दाब मात्र चौरस सेंटिमीटरला केवळ ०.१ किलो. म्हणजे पक्क्या गिलाव्याला एक मीटर पाण्याची भीती नाही.

मग तो सुटतो का? ताज्या गिलाव्याची पकड पहिल्या दिवशी जवळजवळ शून्य असते, आणि त्या काळात दाब आला तर पुढे ती पकड कधीच तयार होत नाही. शिवाय पृष्ठभागावर धूळ, शेवाळ किंवा जुन्या चुन्याचा पापुद्रा राहिला, तर तेवढा तुकडा कायमचा पोकळ राहतो. तीस सेंटिमीटर व्यासाच्या अशा पोकळ चकतीवर एक मीटर पाण्याचे बल काढून पाहा: क्षेत्रफळ ७०७ चौरस सेंटिमीटर, बल सुमारे ७० किलो. चांगल्या अंगापिंडाचा माणूस पाठीमागून लाथ मारून उभा आहे असे समजा. चकतीच्या कडेला ताण एकवटतो, कड सोलली जाते, चकती मोठी होते. ती मोठी झाली की बलही वाढते. दुधाच्या सायीखाली वाफेचा बुडबुडा पसरावा तसे हे पसरत जाते.

दुसरा शत्रू क्षार. नीरा खोऱ्यातल्या खारवट पट्ट्यातील भूजलात सोडियमची क्लोराइडे आणि सल्फेटे असतात. रिकाम्या तलावाच्या उन्हात तापलेल्या भिंतीतून हे पाणी आत झिरपते आणि पृष्ठभागापाशी सुकते. क्षारांचे पांढरे स्फटिक उमटतात. त्याला आपण लोणा लागणे म्हणतो. पृष्ठभागावर आलेला लोणा झाडून काढता येतो, पण पृष्ठभागाच्या आत, छिद्रांमध्ये धरलेले स्फटिक घातक. सोडियम सल्फेट कोरडे असताना जेवढी जागा व्यापते, तिच्या सुमारे चौपट जागा ते पाण्याचे दहा रेणू धरून स्फटिक झाल्यावर व्यापते. दिवसा सुकणे आणि रात्री दमट होणे, असे चक्र चालू राहिले तर छिद्रांच्या भिंती आतून फुटतात आणि गिलाव्याचा पापुद्रा भुकटी होऊन गळतो. शिवाय सल्फेट सिमेंटमधील ॲल्युमिनेटाशी संयोग पावून एट्रिंगाइट नावाचे फुगणारे संयुग बनवते. म्हणून अशा भागात सल्फेटरोधक किंवा भट्टीच्या मळीचे, म्हणजे स्लॅगचे सिमेंट वापरणे बरे. वाळू मात्र गोड्या पाण्याने धुऊनच घ्यावी, आणि गिलाव्यासाठी जवळच्या खाऱ्या विहिरीचे पाणी कालवू नये. गवंडी ते सोयीचे म्हणून घेतात, आणि लोण्याचे बी आपल्याच हाताने पेरतात.

मग करायचे काय?

पहिले काम म्हणजे मोजणे. तलावाच्या काठापासून दीड-दोन मीटरवर, सैल भराव असेल त्या जागी, तलावाच्या बुडापेक्षा थोडे खोल जाईल असे भोक घ्यावे आणि त्यात बाजूने छिद्रे पाडलेला प्लास्टिकचा पाइप उभा करावा. भोवती बारीक खडी, तोंडावर झाकण. दुसऱ्या दिवशी आत जी पातळी स्थिर झालेली दिसेल ती तलावाभोवतीच्या पाण्याची पातळी. असे एक तरी मोजणीचे भोक खोल भागाकडे हवेच. खर्च किरकोळ, आणि तलाव उपसायचा की नाही हे या एका मापावर ठरते.

हे माप हातात असले, की नियम सांगता येतो. आपल्या उदाहरणातील तलावात आतील पाण्याची पातळी बाहेरच्या पातळीपेक्षा ३० सेंटिमीटरहून खाली जाऊ द्यायची नाही. पन्नास न धरता तीस का? कारण बूड आतल्या तळापेक्षा २० सेंटिमीटर खाली आहे आणि बाहेरचे पाणी बुडाला ढकलते. हा हिशेब मुलांना स्वतः करू द्यावा, बरीच मुले येथे चुकतात आणि चुकून शिकतात. तळ जाड असेल तर मुभा वाढते, पातळ असेल तर कमी होते.

म्हणजे तलाव पूर्ण रिकामा करायचा, तर आधी बाहेरचे पाणी उतरवले पाहिजे. त्याला वेळ निवडणे हा सर्वांत स्वस्त उपाय. पाऊस आणि आवर्तन या दोन्हींपासून दूर असलेले आठवडे शोधावेत. 'उन्हाळ्यात भूजल खोल असते' हे पाठ्यपुस्तकातले वाक्य कालव्याखाली खरे ठरेलच असे नाही. उन्हाळी आवर्तन आले, की मे महिन्यातही विहिरी वर येतात. शाळांना सुट्टी मेमध्येच असते, आणि दुरुस्त्या मेमध्येच निघतात. आवर्तनाच्या तारखा पाटबंधारे विभागाच्या शाखेत किंवा शेजारच्या कोणत्याही ऊसवाल्याकडे कळतात.

वेळ साधली नाही, तर निचरा करावा लागतो. तलावाभोवती बुडाच्या पातळीखाली चर खणून त्यात छिद्रे पाडलेला पाइप आणि खडी घालायची, तो पाइप एका खोल खड्ड्यात उतरवायचा आणि तेथून पंपाने पाणी उपसायचे. पाणथळ शेतात जमिनीखाली पाइप घालून ऊस वाचवतात, तीच ही पद्धत, फक्त वर्तुळात. उपसलेले पाणी लांब नाल्यात सोडावे. काठावर सोडले तर तेच फिरून परत येते. पंप रात्रंदिवस चालला पाहिजे. गावाकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून डिझेलचा पंप शेजारी तयार ठेवावा आणि रात्री कोणी तरी जागे राहावे. एक सावधगिरी: ओल्या, खाऱ्या तळावर अनवाणी काम करणारे गवंडी आणि विजेच्या मोटारीची सोललेली वायर यांची गाठ पडली तर जीव जातो. खारे पाणी विजेला उत्तम वाट देते.

दुसरा मार्ग शरणागतीचा आहे, आणि मला तो अधिक आवडतो. पाण्याला अडवण्याऐवजी आत येऊ द्यायचे. घाटातल्या रस्त्यालगतच्या संरक्षक भिंतींना ओळीने भोके ठेवलेली असतात, पावसाळ्यात त्यांतून धारा लागतात. ती भोके बुजवली तर भिंत कोसळेल. विहिरीच्या बांधकामातही पाणी यावे म्हणून भोके ठेवतातच. तलावाच्या तळाला खोल भागात अशी भोके पाडली, की पाणी आत येते, खालचा दाब उतरतो आणि आत आलेले पाणी छोट्या खड्ड्यात गोळा करून उपसता येते. काही तलावांत बांधतानाच अशी दाबमुक्तीची झडप बसवलेली असते: बाहेरचा दाब वाढला की तिची चकती उचलली जाऊन पाणी आत येते, एरवी आतल्या पाण्याच्या भाराने ती बंद राहते. झडप असून तलाव फुटल्याची उदाहरणे असतात, कारण मागच्या दुरुस्तीत कोणी तरी तिच्यावरूनच गिलावा फिरवलेला असतो!

गिलाव्याचे काम सुरू करण्यापूर्वी साऱ्या पृष्ठभागावर हातोडीने हलके ठोकून पाहावे. पक्क्या जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी पोकळ. पोकळ तेवढे सगळे काढायचे, चांगल्या जागी टाचे मारायचे, तारेच्या ब्रशने घासून धुवायचे. जेथून पाणी पाझरते तेथे सरळ गिलावा ओढणे म्हणजे वाया. त्या जागी बारीक नळी बसवून पाण्याला एकच वाट द्यावी, भोवतीचा भाग कोरडा होऊ द्यावा आणि मग सिमेंटचा पातळ घोळ लावून त्यावर लगेच गिलावा चढवावा. घोळ सुकू दिला तर तो पकड देण्याऐवजी पकड तोडतो. नळ्या सर्वांत शेवटी, गिलावा पक्का झाल्यावर, झटपट घट्ट होणाऱ्या सिमेंटने बुजवायच्या. बुजवायचे भोक आत अरुंद आणि खोलवर रुंद कोरावे. मग मागून येणारा दाब बुचाला बाहेर फेकण्याऐवजी आणखी घट्ट बसवतो. उलटा कोरला, तर बूच बाटलीच्या बुचासारखे उडते.

हेच भौतिकशास्त्र आता इंदापूर-बारामतीकडच्या शेततळ्यांमध्येही दिसते. तळ्याला घातलेला अर्ध्या मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा कागद चौरस मीटरला अर्धा किलोसुद्धा भरत नाही. तळे उपसले आणि खाली पाणी असले, की कागद मधोमध म्हशीच्या पाठीसारखा वर येतो. तो पाहून काही जण त्यावर दगड टाकतात. दगडाने कागद फाटतो. घराखालची पाण्याची टाकी आणि शौचालयाची टाकी यांनाही हाच नियम. नवी सिंटेक्सची टाकी जमिनीत पुरून ती भरायच्या आत मोठा पाऊस झाला, तर सकाळी ती वर आलेली दिसते.

वर्गात हे दाखवायला खर्च नाही. श्रीखंडाचा चौकोनी डबा घ्यावा, त्यात खडे घालून त्याचे एकूण वजन २०० ग्रॅम करावे, झाकण लावू नये. मोठ्या बादलीत तळाशी थोडी वाळू पसरून डबा त्यावर ठेवावा, भोवती काठापर्यंत वाळू भरावी आणि बादलीच्या कडेने सावकाश पाणी सोडत जावे. वाळूत बादलीच्या कडेला एक पारदर्शक नळी उभी केली, तर पाण्याची पातळी दिसत राहते. डब्याचे बूड १०० चौरस सेंटिमीटर असेल, तर हिशेबाने पाणी बुडाच्या वर दोन सेंटिमीटर आले की डबा हलला पाहिजे. प्रत्यक्षात तो थोडा उशिरा हलतो. वाळूचे घर्षण किती, ते या उशिरावरून काढता येते. लोण्यासाठी मिठाच्या पाण्याच्या ताटलीत वीट उभी करून आठवडाभर वर्गाच्या खिडकीत ठेवावी. पाण्यात बुडालेला भाग स्वच्छ राहतो, पांढरी रेघ त्याच्या बरीच वर उमटते, आणि ती तेथेच का, हे मुलांना विचारावे.

त्या संस्थेच्या तलावाचे पुढे काय झाले ते सांगतो. फुटलेला तळ तोडून नवा घातला, आता सळ्यांची जाळी वर आणि खाली दोन्हीकडे आहे. भोवती निचऱ्याचा पाइप आला. गिलावा आवर्तन बंद असताना, डिसेंबरात केला. गिलावा पक्का होऊन नळ्या बुजवल्यावर तलाव लगेच भरायला घेतला, कारण भरलेले पाणी गिलाव्याला ओलही देते आणि भारही. चार लाख लिटर पाणी, तासाला दहा हजार लिटर देणारी कूपनलिका, म्हणजे चाळीस तास. बाहेरचा पंप तोवर चालू होता. आतले पाणी मीटरभर वर चढल्यावर तो बंद केला आणि भोकातल्या पाइपवर दोघे जण कंदील घेऊन बसले. पहाटेपर्यंत बाहेरची पातळी साठ सेंटिमीटर चढली आणि थांबली. मुलांना त्या उन्हाळ्यात कालव्यावर पोहायला जावे लागले होते, ती जानेवारीत परत आली. पाइप अजून तेथे आहे. नववीचा एक गट दर पंधरवड्याला दोरीला ओळंबा बांधून पातळी मोजतो आणि आलेखावर आवर्तनाच्या तारखा लाल शाईने खुणावतो.